सूर्याच्या सक्रिय प्रदेशांतून येणारे रेडिओ उत्सर्जन: स्रोत नेमका कोठे असतो?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाच डागसमूहाचे, एकाच दिवशी घेतलेले तीन रेडिओ नकाशे शेजारी ठेवले आहेत. ५ गिगॅहर्ट्झच्या नकाशात मोठ्या डागाभोवती तेजस्वी कडे दिसते आणि कड्याच्या आत अंधुक खळगा दिसतो. १७ गिगॅहर्ट्झच्या नकाशात त्याच डागावर लक्षात यावे असे काहीच नाही. १५० मेगॅहर्ट्झच्या नकाशात मात्र प्रखर स्रोत आहे, पण तो डागापासून दोन-तीन कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) दूर आहे आणि त्याची तीव्रता तासातासाला बदलते. दृश्य प्रकाशात डाग काळा दिसतो, म्हणजे तो भोवतालापेक्षा थंड आहे. मग रेडिओ लहरींत तो तेजस्वी कसा, आणि या तीन नकाशांपैकी सक्रिय प्रदेशाचा, म्हणजे डागसमूह आणि त्यावरच्या चुंबकीय वातावरणाचा, खरा स्रोत कोणता दाखवतो?

तिन्ही नकाशे खरे आहेत. अडचण येते ती ‘स्रोत’ या शब्दामुळे. एखादा दिवा एका जागी ठेवलेला असावा आणि तो सर्व रंगांत त्याच जागी दिसावा, तसे सक्रिय प्रदेशाचे नसते. सूर्याचे वातावरण प्रत्येक वारंवारतेला वेगळ्या खोलीपर्यंत पारदर्शक असते. पृथ्वीवरून सूर्याकडे एक दृष्टिरेषा टाकली आणि तिच्यावरून आत आत जात राहिलो, तर एका ठिकाणी वातावरण त्या वारंवारतेपुरते अपारदर्शक होते. नकाशात जे दिसते ते त्या ठिकाणचे तापमान. त्यामुळे आधी विचारायचे ते हे की अमुक वारंवारतेची दृष्टी कोठे अडते आणि तिला अडवणारी गोष्ट कोणती. घनता अडवते आहे, चुंबकीय क्षेत्र अडवते आहे, की औष्णिक समतोलाच्या बाहेर गेलेले इलेक्ट्रॉन स्वतःच लहरी निर्माण करत आहेत, हे ठरले की नकाशाचा अर्थ लागू लागतो.

डाग काळा का दिसतो, ते यावरूनच कळते. दृश्य प्रकाश येतो प्रकाशगोलातून, म्हणजे सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागातून, जेथील तापमान सुमारे ५,८०० केल्विन आहे. डागाच्या गाभ्यात, म्हणजे प्रच्छायेत, ते साधारण ४,००० केल्विनपर्यंत उतरते. रेडिओ लहरींची दृष्टी मात्र त्या पातळीपर्यंत पोहोचतच नाही. सेंटिमीटर लहरी वर्णगोलाच्या (प्रकाशगोलावरच्या थराच्या) वरच्या भागात किंवा प्रभामंडलाच्या (त्याहूनही वरच्या विरळ, तप्त वातावरणाच्या) पायथ्याशी अडतात आणि मीटर लहरी प्रभामंडलातच थांबतात, जेथे तापमान १० ते २० लाख केल्विन असते आणि सक्रिय प्रदेशांवर त्याहूनही थोडे अधिक भरते. डाग ज्या चुंबकीय क्षेत्रामुळे खाली थंड राहतो, त्याच क्षेत्रामुळे वरचे तप्त प्रभामंडल काही वारंवारतांना अपारदर्शक होते. काळेपणा आणि रेडिओतील तेज यांचे मूळ एकच आहे. फक्त उंची वेगळी.

हा संबंध ध्यानात यायला वेळ लागला. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश सैन्याच्या रडार केंद्रांवर ४ ते ६ मीटर तरंगलांबीवर जबरदस्त गोंगाट ऐकू आला आणि प्रथम तो शत्रूचा अडथळा असावा असे वाटले. जे. एस. हे यांनी केंद्राकेंद्रांवरच्या नोंदी तपासल्या तेव्हा गोंगाटाची दिशा सूर्याबरोबर सरकत असल्याचे दिसले, आणि त्या वेळी सूर्यबिंबाच्या मध्यरेषेजवळ एक मोठा डागसमूह होता. तो अर्थातच आज ज्याला आपण अऔष्णिक उत्सर्जन म्हणतो त्याचा प्रकार होता. शांत, सावकाश बदलणाऱ्या उत्सर्जनाचा धागा वेगळ्याच रीतीने हाती आला. २३ नोव्हेंबर १९४६ च्या खंडग्रास सूर्यग्रहणात आर्थर कॉव्हिंग्टन कॅनडातून १०.७ सेंटिमीटरवर सूर्य मोजत होते. चंद्राची कड एका मोठ्या डागसमूहावरून सरकली तेव्हा संकेत ठळकपणे घसरला. त्या काळी एवढ्या बारीक कोनीय विभेदनाची दुर्बीण नव्हती. चंद्राच्या कडेनेच ते काम केले. डागसमूहाच्या वरच्या भागातून येणारे उत्सर्जन उरलेल्या बिंबापेक्षा कितीतरी तेजस्वी आहे, हे त्यातून थेट सिद्ध झाले.

आता यंत्रणांकडे वळतो. पहिली यंत्रणा सगळ्यात साधी. तप्त आयनीभूत वायूत, म्हणजे प्लाझ्मात, इलेक्ट्रॉन आयनांच्या जवळून जाताना त्यांचा मार्ग वळतो आणि त्या वळणात ते थोडी ऊर्जा रेडिओ लहरींच्या रूपात सोडतात. याला मुक्त-मुक्त उत्सर्जन किंवा ब्रेम्सस्ट्रालुंग म्हणतात. याची अपारदर्शकता घनतेच्या वर्गाच्या सम प्रमाणात वाढते आणि वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते; तापमान वाढले की तीही कमी होते. सक्रिय प्रदेशावरच्या प्रभामंडलात दर घन सेंटिमीटरला शंभर कोटी इलेक्ट्रॉन, तापमान २० लाख केल्विन आणि थराची जाडी ५० हजार किलोमीटर धरली, तर ५ गिगॅहर्ट्झवर प्रकाशीय खोली जेमतेम ०.०१४ येते. म्हणजे एवढे तप्त प्रभामंडल असूनही ते नकाशात सुमारे २८ हजार केल्विनचीच भर घालते. तोच थर १.४ गिगॅहर्ट्झवर पाहिला तर प्रकाशीय खोली ०.१८ च्या आसपास जाते आणि भर तीन लाख केल्विनच्या वर जाते. ३०० मेगॅहर्ट्झवर तो पूर्ण अपारदर्शक असतो. १७ गिगॅहर्ट्झवर हीच भर दोन-अडीच हजार केल्विन उरते, आणि तेथे शांत सूर्याचेच दीप्ती-तापमान सुमारे १० हजार केल्विन असल्याने ती सहज नजरेआड होते.

दीप्ती-तापमान म्हणजे काय, ते येथेच सांगतो, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर चालतो. आलेल्या विकिरणाइतके विकिरण देणारा कृष्ण पदार्थ किती तापमानाचा असावा लागेल, ते तापमान म्हणजे दीप्ती-तापमान. औष्णिक उत्सर्जनात ते प्रत्यक्ष तापमानाच्या वर कधीच जाऊ शकत नाही. नकाशात ३० लाख केल्विनपर्यंतचा आकडा दिसला तर तो प्रभामंडलाच्या उष्णतेने समजावता येतो. १०० कोटी केल्विन दिसला तर उष्णतेचे स्पष्टीकरण तेथेच संपते. नवख्या अभ्यासकाने नकाशावरचा कमाल आकडा सर्वांत आधी वाचावा असे मी आग्रहाने सांगतो, कारण पुष्कळ शक्यता त्या एका आकड्यानेच बाद होतात.

वरच्या हिशेबात एक कोडे आहे. मुक्त-मुक्त उत्सर्जन ५ गिगॅहर्ट्झवर काही दहा हजार केल्विनच देणार असेल, तर डागांवर प्रत्यक्ष मोजले जाणारे १० ते २० लाख केल्विन कोठून येतात? त्यासाठी घनता फारच वाढवावी लागली असती आणि ती इतर निरीक्षणांशी जुळली नसती. उत्तर १९६२ मध्ये दोन स्वतंत्र कामांतून पुढे आले: एक झेलेझ्न्याकोव्ह यांचे आणि दुसरे काकिनुमा व गोविंद स्वरूप यांचे. त्या उत्तराला जायरोरेझोनन्स म्हणतात, आणि सक्रिय प्रदेशांच्या रेडिओ भौतिकीतला सगळ्यात सुंदर भाग माझ्या मते हाच आहे.

इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्ररेषेभोवती फिरतो. त्याच्या फेऱ्यांची वारंवारता फक्त क्षेत्राच्या तीव्रतेवर अवलंबून असते: दर गॉसला (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) २.८ मेगॅहर्ट्झ. येणाऱ्या लहरीची वारंवारता या संख्येच्या नेमक्या दुप्पट किंवा तिप्पट (म्हणजे तिचा दुसरा किंवा तिसरा हार्मोनिक) झाली की इलेक्ट्रॉन ती लहर अनुनादाने शोषून घेतो, आणि जो चांगला शोषक तो चांगला उत्सर्जक. असे घडण्याची जागा म्हणजे एक अत्यंत पातळ थर असतो. क्षेत्र उंचीबरोबर कमी होत जाते, म्हणून जुळणारे मूल्य एका ठराविक पृष्ठभागावरच सापडते. इलेक्ट्रॉनांच्या औष्णिक गतीमुळे त्या पृष्ठभागाला एक-दोनशे किलोमीटर जाडी येते, इतकेच. पण त्या पातळ थरातही अपारदर्शकता इतकी असते की खालचे काही दिसत नाही. दुसऱ्याकडून तिसऱ्या आणि तिसऱ्याकडून चौथ्या हार्मोनिककडे जाताना ही अपारदर्शकता प्रत्येक टप्प्याला शेकडो पटींनी घटते, त्यामुळे व्यवहारात दुसरा आणि तिसरा हार्मोनिक महत्त्वाचे ठरतात आणि चौथा क्वचितच.

आता प्रश्नातल्या डागाचा हिशेब मांडू. प्रच्छायेत प्रकाशगोलाच्या पातळीवर क्षेत्र २,४०० गॉस आहे आणि प्रभामंडलाच्या पायथ्याशी ते १,८०० गॉसवर उतरले आहे असे धरू. मोठ्या डागासाठी ही मूल्ये अवाजवी नाहीत. ५ गिगॅहर्ट्झसाठी तिसरा हार्मोनिक सुमारे ६०० गॉसला जुळतो आणि दुसरा सुमारे ९०० गॉसला. दोन्ही पृष्ठभाग पायथ्याच्या १,८०० गॉसपेक्षा बरेच वर, म्हणजे तप्त प्रभामंडलातच आहेत, म्हणून त्या वारंवारतेवर डाग दशलक्ष केल्विनने झळकतो. १७ गिगॅहर्ट्झसाठी तिसऱ्या हार्मोनिकला सुमारे २,००० गॉस लागतात. तेवढे क्षेत्र या डागावर आहे, पण ते प्रभामंडलाच्या पायथ्याच्या खाली, वर्णगोलात आहे, जेथे तापमान दहा हजार केल्विनच्या आसपास आहे. अनुनाद तेथेही होतो. मात्र थंड थर अपारदर्शक झाला तर थंडपणाच दिसणार. म्हणून १७ गिगॅहर्ट्झच्या नकाशात डाग हरवला. तेथे जे फिकट तेज दिसते ते डागाभोवतालच्या प्लाजचे, म्हणजे वर्णगोलातील उजळ भागाचे, मुक्त-मुक्त उत्सर्जन असते.

या अनुपस्थितीला मी फार किंमत देतो. कोणत्या वारंवारतेवर डाग दिसेनासा होतो ते शोधले की प्रभामंडलाच्या पायथ्याशी क्षेत्र किती आहे, हे जवळजवळ थेट कळते. वर्णपटरेषांच्या झीमन विभाजनाने (क्षेत्रामुळे रेषा फुटण्याने) क्षेत्र मोजायचे तर प्रकाशगोलात ते सोपे आहे, पण प्रभामंडलात रेषा इतक्या रुंद आणि क्षीण असतात की बिंबावर ते काम फार अवघड होते. रेडिओ नकाशा तेच मोजमाप एका भागाकाराने देतो. सप्टेंबर २०१७ मध्ये १२६७३ क्रमांकाच्या सक्रिय प्रदेशात नोबेयामा रेडिओहेलिओग्राफच्या ३४ गिगॅहर्ट्झच्या नकाशातही जायरोरेझोनन्सचा स्रोत दिसला. तिसरा हार्मोनिक धरून हिशेब केला की प्रभामंडलाच्या पायथ्याशी सुमारे ४,००० गॉस क्षेत्र निघते. इतके बलवान क्षेत्र त्या उंचीवर क्वचितच सापडते. याच हिशेबाने मिलिमीटर लहरींचीही बाजू कळते. १०० गिगॅहर्ट्झसाठी जवळपास १२ हजार गॉस लागतील. तसे क्षेत्र सूर्यावर कोठेच नाही, म्हणून तेथे सक्रिय प्रदेशातून जे शांतपणे येते ते वर्णगोलाचे मुक्त-मुक्त उत्सर्जनच असते.

कडे आणि खळगा यांचे स्पष्टीकरणही याच यंत्रणेत आहे. जायरोरेझोनन्सची अपारदर्शकता दृष्टिरेषा आणि क्षेत्ररेषा यांच्यातील कोनावर फार अवलंबून असते. क्षेत्र नेमके आपल्याकडे रोखलेले असेल तर ती शून्यावर येते. डाग बिंबाच्या मध्यावर असताना प्रच्छायेच्या मधोमध क्षेत्ररेषा आपल्याकडेच येतात, त्यामुळे तेथे दृष्टी अनुनादी थरातून आरपार जाते आणि खालचा थंड भाग दिसतो. कडेला क्षेत्ररेषा कललेल्या असतात, तेथे थर अपारदर्शक राहतो आणि कडे उजळते. काही डागांच्या प्रच्छायेवर प्रभामंडलातील द्रव्यच कमी तप्त असते, त्यानेही खळगा गडद होतो. ही दोन कारणे वेगळी करण्याची एक चांगली युक्ती आहे. सूर्य फिरतो तसा डाग मध्यापासून दूर जातो, आणि आपल्याकडे रोखलेल्या क्षेत्ररेषा आता डागाच्या बिंबमध्याकडील बाजूला सापडतात. खळगा कोनामुळे झाला असेल तर तो त्या बाजूला सरकतो आणि कड्याची नाल होते, जिची तेजस्वी बाजू बिंबाच्या कडेकडे असते. खळगा थंड द्रव्यामुळे असेल तर तो प्रच्छायेशी बांधलेला राहतो. तीन-चार दिवसांचे नकाशे सलग लावून पाहावेत. बहुतेक वेळा दोन्ही कारणांचा वाटा दिसतो, पण कमी-अधिक कोणाचा ते कळते. यासाठी विभेदन पुरेसे हवे. ६ सेंटिमीटर तरंगलांबीवर १ किलोमीटरच्या आधाररेषेने सुमारे १२ विकलांपर्यंतच (एक विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) बारीक दिसते, आणि मध्यम आकाराच्या डागाचे कडे त्यात मिटून जाऊ शकते.

ध्रुवीभवनाकडे दुर्लक्ष करून सक्रिय प्रदेशाचा नकाशा वाचू नये, हे माझे ठाम मत आहे. चुंबकीय प्लाझ्मात रेडिओ लहर दोन रूपांत चालते. इलेक्ट्रॉन ज्या दिशेने फिरतात त्याच दिशेने जिचे विद्युत क्षेत्र फिरते ती असाधारण लहर, आणि उलट फिरणारी ती साधारण लहर. असाधारण लहर इलेक्ट्रॉनांशी सहज जुळते, म्हणून ती तिसऱ्या हार्मोनिकवरच अडते, म्हणजे जास्त उंचीवर आणि सहसा जास्त तप्त भागात. साधारण लहर बहुधा दुसऱ्या हार्मोनिकपर्यंत खाली उतरते. या फरकामुळे डागावरचे उत्सर्जन वर्तुळाकार ध्रुवीभूत होते. क्षेत्र आपल्याकडे येणारे असेल तर उजवे वर्तुळाकार ध्रुवीभवन अधिक, दूर जाणारे असेल तर डावे. मुक्त-मुक्त उत्सर्जनातही हा फरक असतो, पण तो काही टक्क्यांचाच. तरी प्लाजवरच्या दुर्बल क्षेत्राचा दृष्टिरेषेतील घटक मोजायला तोच कामी येतो.

या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो आम्हाला एकदा चांगलाच अडवून गेला. पश्चिम कडेकडे झुकलेल्या एका द्विध्रुवी समूहात कडेच्या बाजूच्या डागावर कमी वारंवारतेच्या नकाशात ध्रुवीभवनाची खूण मॅग्नेटोग्रामच्या (प्रकाशगोलातील क्षेत्राच्या नकाशाच्या) नेमकी उलट येत होती. उजव्या आणि डाव्या वाहिन्यांच्या तारा अदलाबदल झाल्या असाव्यात असे समजून आम्ही ग्राहक यंत्रणा दोन दिवस तपासली. तारा बरोबर होत्या. त्याच वेळच्या अधिक वारंवारतेच्या नकाशात खूण सरळ आहे, हे पाहिल्यावर उलगडा झाला. डाग कडेजवळ असला की त्यावरून निघालेली लहर आपल्याकडे येताना समूहावरच्या मोठ्या कमानींखालून-वरून जाते, आणि वाटेत क्षेत्र दृष्टिरेषेला काटकोनात येईल अशी जागा तिला ओलांडावी लागते. त्या जागेपलीकडे क्षेत्राची दिशा उलटलेली असते. कमी वारंवारतेची लहर तेथे आपले रूप जसेच्या तसे ठेवून नव्या क्षेत्राशी जुळते आणि तिच्या वर्तुळाची दिशा उलटते. अधिक वारंवारतेची लहर दिशा टिकवून रूप बदलते. कोणत्या वारंवारतेवर हा पालट होतो त्यावरून त्या ओलांडणीच्या जागेचे, म्हणजे स्रोताच्याही वर कितीतरी उंचीवरचे, क्षेत्र आणि घनता यांच्याविषयी माहिती मिळते. तेव्हापासून कडेजवळच्या डागाचे ध्रुवीभवन एकाच वारंवारतेवरून वाचायचे नाही, हा आमच्याकडे नियम आहे.

शांत उत्सर्जनाविषयी एकच गोष्ट जोडतो. १०.७ सेंटिमीटरचा सौर प्रवाह १९४७ पासून रोज मोजला जातो आणि सौरक्रियेचा निर्देशांक म्हणून तो सर्वत्र वापरला जातो. सौरचक्राच्या तळाशी तो ७० सौर प्रवाह एककांच्या जरा खाली असतो आणि शिखराच्या काळात २०० च्या वर जातो. ही संख्या उपयुक्त आहे, पण तिच्यात वर सांगितलेल्या दोन्ही यंत्रणा मिसळलेल्या असतात. प्लाजवरचे घन प्रभामंडल आणि डागांवरचे ३०० ते ५०० गॉसचे अनुनादी पृष्ठभाग यांची बेरीज त्या एका आकड्यात येते. विस्तीर्ण प्लाज पण छोटे डाग असलेला सूर्य आणि एकच प्रचंड डाग असलेला सूर्य सारखाच आकडा देऊ शकतात. म्हणून या निर्देशांकावरून डागांच्या क्षेत्राविषयी थेट निष्कर्ष काढू नये.

सौरज्वालेच्या वेळी चित्र बदलते. प्रवेगित इलेक्ट्रॉन शेकडो किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेपर्यंत जातात आणि चुंबकीय कमानींत अडकून फिरतात. त्यांचे उत्सर्जन दुसऱ्या-तिसऱ्या हार्मोनिकवर न थांबता दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत पसरते आणि वेगवेगळे हार्मोनिक एकमेकांत मिसळून सलग वर्णपट तयार होतो. हेच जायरोसिंक्रोट्रॉन उत्सर्जन. त्याचे शिखर बहुधा ५ ते १० गिगॅहर्ट्झच्या दरम्यान असते. शिखराच्या डावीकडे स्रोत स्वतःच्याच लहरी शोषतो, उजवीकडे तो पारदर्शक असतो आणि तेथील उतार इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जावाटपाची माहिती देतो. १० सप्टेंबर २०१७ च्या मोठ्या ज्वालेत कॅलिफोर्नियातील ओवेन्स व्हॅलीच्या विस्तारित सौर व्यूहाने अनेक वारंवारतांवर सेकंदासेकंदाला नकाशे घेतले, आणि प्रत्येक जागेच्या वर्णपटावरून तेथील क्षेत्र काढल्यावर असे आढळले की ज्वालेच्या भागात क्षेत्र दर सेकंदाला सुमारे ५ गॉस या वेगाने घटत होते. ज्वालेची ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून येते हे आम्ही वर्षानुवर्षे म्हणत होतो. ते क्षेत्र डोळ्यांदेखत कमी होताना मोजता येणे ही वेगळीच गोष्ट आहे.

आता १५० मेगॅहर्ट्झकडे. येथे चुंबकीय अनुनाद बाजूला राहतो आणि घनता पुढे येते. प्लाझ्माला स्वतःची एक वारंवारता असते, जी इलेक्ट्रॉनांच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते: दर घन सेंटिमीटरला शंभर कोटी इलेक्ट्रॉन असतील तर ती सुमारे २८५ मेगॅहर्ट्झ. त्याहून कमी वारंवारतेची लहर त्या थरातून बाहेर पडू शकत नाही. १५० मेगॅहर्ट्झची लहर २८ कोटींपेक्षा कमी घनतेच्या भागातूनच येऊ शकते, म्हणजे सक्रिय प्रदेशावर बऱ्याच उंचीवरून. आणि तेथे इलेक्ट्रॉनांचा एखादा झोत किंवा असमतोल वाटप असेल, तर प्रथम प्लाझ्मात लँगम्यूर लहरी (इलेक्ट्रॉनांची सामूहिक आंदोलने) उसळतात आणि त्यांचे रूपांतर प्लाझ्मा वारंवारतेच्या किंवा तिच्या दुपटीच्या रेडिओ लहरींत होते. गिंझबर्ग आणि झेलेझ्न्याकोव्ह यांनी १९५८ मध्ये मांडलेली ही कल्पना आजही पाया म्हणून टिकून आहे. यात इलेक्ट्रॉन एकेकटे नव्हे तर मिळून लहर देतात, म्हणून दीप्ती-तापमान प्रत्यक्ष तापमानाच्या कितीतरी पटींनी वर जाते.

सक्रिय प्रदेशांशी सगळ्यात निगडित असलेला यातला प्रकार म्हणजे नॉइज स्टॉर्म, ज्याला टाइप १ असे वर्गीकरणात म्हटले जाते. तासन्‌तास, कधी कित्येक दिवस चालणारे पसरट सलग उत्सर्जन आणि त्यावर अर्ध्या-एक सेकंदाच्या, काही मेगॅहर्ट्झ रुंदीच्या असंख्य ठिणग्या, असे त्याचे रूप असते. वर्णपटाच्या पडद्यावर पाहिले तर पावसाच्या सरीसारखे दिसते. त्याचे ध्रुवीभवन फार तीव्र असते आणि ते साधारण लहरीचे असते. म्हणजे डागावरच्या सेंटिमीटर लहरींची जी खूण असते, तिच्या उलट खूण त्याच ध्रुवाच्या क्षेत्रावर येथे अपेक्षित धरावी. हे लक्षात न घेता दोन नकाशे जुळवणारे पुष्कळ जण उगाच गोंधळात पडतात. नॉइज स्टॉर्मला ज्वालेची गरज नसते, आणि मोठा डाग असूनही कधी तो मुळीच नसतो. वाढत्या, बदलत्या क्षेत्ररचनेत सतत चाललेल्या लहान लहान पुनर्जोडण्या (क्षेत्ररेषा तुटून नव्याने जुळणे) त्याला इलेक्ट्रॉन पुरवत असाव्यात, हे मला सर्वांत पटणारे स्पष्टीकरण आहे.

टाइप ३ मध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत प्रकाशवेगाच्या दहाव्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंतच्या वेगाने उघड्या क्षेत्ररेषांवरून बाहेर धावतो आणि घनता घटत जाईल तशी वारंवारता काही सेकंदांत झरझर खाली येते; झोत बंद कमानीत शिरला तर वारंवारता खाली येऊन पुन्हा वर वळते आणि वर्णपटावर उलटा ‘यू’ उमटतो. टाइप २ आघात-लहरींचा आणि टाइप ४ अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचा. ते ज्वाला व द्रव्य-उत्क्षेप यांचे सोबती आहेत आणि प्रश्नातल्या शांत दिवसाशी त्यांचा संबंध नाही.

एक यंत्रणा मात्र सांगायला हवी, कारण ती अलीकडे पुन्हा चर्चेत आली आहे. क्षेत्र बलवान आणि घनता कमी असेल, म्हणजे जायरो वारंवारता प्लाझ्मा वारंवारतेहून जास्त असेल, तर इलेक्ट्रॉन सायक्लोट्रॉन मेसर, म्हणजे क्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांनी मिळून लहर प्रखर करण्याची क्रिया, चालू शकतो. ग्रहांच्या ध्रुवीय प्रकाशाच्या भागांतून येणारे रेडिओ उत्सर्जन असेच असते. ज्वालांतील मिलिसेकंदांच्या डेसिमेट्रिक स्पाइक्ससाठी (डेसिमीटर लहरींतील क्षणिक, टोकदार उसळ्यांसाठी) हे स्पष्टीकरण बराच काळ दिले जाते. ६ डिसेंबर २००६ च्या ज्वालेत १.४ गिगॅहर्ट्झच्या आसपास प्रवाह दहा लाख सौर एककांच्या वर गेला आणि जीपीएस ग्राहक विस्कळीत झाले. एवढी प्रखरता समूहाने उत्सर्जन करणाऱ्या इलेक्ट्रॉनांशिवाय शक्य नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात एका डागावर सुमारे ४० हजार किलोमीटर उंचीवरून, एका आठवड्याहून अधिक काळ चाललेले, तीव्र ध्रुवीभूत उत्सर्जन याच यंत्रणेशी जोडले आहे. डागाचे क्षेत्र आणि ज्वालांनी पुरवलेले इलेक्ट्रॉन एवढ्यावर ते टिकून राहते, असे त्यात मांडले आहे.

आता प्रश्नातल्या तिसऱ्या नकाशाचे बोलू. १५० मेगॅहर्ट्झचा स्रोत डागापासून दूर दिसतो, याचे पहिले कारण निव्वळ उंची. स्रोत सूर्याच्या त्रिज्येच्या पाचव्या हिश्शाएवढ्या, म्हणजे सुमारे १ लाख ४० हजार किलोमीटर उंचीवर असेल आणि डाग मध्यापासून ४५ अंशांवर असेल, तर बिंबावर तो कडेकडे सव्वादोन कला सरकलेला दिसणारच. दुसरे कारण, अशा उंचीवरच्या कमानी डागाच्या डोक्यावर उभ्या नसतात. त्या एका समूहाला दुसऱ्याशी जोडतात, आणि स्रोत बहुधा त्यांच्या एखाद्या बाजूवर असतो. तिसरे कारण पृथ्वीजवळचे: आयनांबरातील (पृथ्वीच्या आयनीभूत वरच्या वातावरणातील) अपवर्तनाने मीटर लहरींची दिसणारी जागा काही कलांनी हलू शकते आणि ती दिवसभरात बदलते. या तिघांपैकी पहिले हिशेबाने काढून टाकता येते आणि तिसरे जवळच्या ज्ञात रेडिओ स्रोतावर वारंवार दुर्बीण नेऊन तपासता येते. उरते ते खरे विस्थापन.

आपल्या नकाशांत आता एवढे पाहावे. १५० मेगॅहर्ट्झच्या स्रोताचे दीप्ती-तापमान २०-३० लाख केल्विनच्या आत आहे का? तसे असेल आणि ध्रुवीभवन क्षीण असेल, तर ते सक्रिय प्रदेशावरचे घन, औष्णिक प्रभामंडल आहे आणि ते तासातासाला एवढे बदलायला नको. बदल दिसत असेल तर आधी अंशांकन तपासावे. आकडा कोटीच्या वर असेल आणि ध्रुवीभवन तीव्र असेल, तर तो नॉइज स्टॉर्म आहे. मग दोन्ही वर्तुळाकार ध्रुवीभवनांचे नकाशे वेगळे काढून जास्त प्रखर कोणते ते पाहावे, साधारण लहर धरून तेथील क्षेत्राची दिशा ठरवावी आणि मॅग्नेटोग्रामवर ती कोणत्या डागाच्या ध्रुवाशी जुळते ते शोधावे. स्रोत ज्या कमानीवर आहे तिचा पाय त्या ध्रुवात असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे, मग नकाशावर तो ध्रुव स्रोताच्या सर्वांत जवळचा नसला तरी.